‘बे’ म्हणलं की कोठीमागं

साल दोन हजार तेवीस. मी तेव्हा बाहत्तर वर्षांचा होतो. आधारकार्डावर एकोणसत्तर आहे, पण ते लिहिणारा माझ्याहून कमी शिकलेला असावा. मी चौथी पास आहे. त्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत, लग्नकार्याच्या फेट्याखाली ठेवलेला होता. त्या थंडीत उंदरांनी फेटा कुरतडला, तो मी सहन केला. मग त्यांनी दाखला खाल्ला. माझ्या शिक्षणाचा गावात तेवढाच पुरावा होता. त्याच दिवशी मी ठरवलं, घरात मांजर आणायचं.

बायको म्हणाली, "आणा ना. पण टिकन का ते? तुमच्यापायी पोरगा पुण्याले गेला, सालदार दिवाळीच्या आधी पळाला. मांजर काय घेऊन बसले!"

पोरगा नोकरीसाठी गेला हे साऱ्या गावाला माहीत आहे. तरी मला झोंबलं. मी म्हणलं, "मांजर आणल्यापासून पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत ते माह्या मांडीवर बसन."

"अन् नाई बसलं तं?"

"तं चारचौघांत म्हणीन, का माह्याजवळ कोणी टिकत नाई."

हे मी ओसरीवर बोललो. मी ओसरीवर बोललेलं शेवटच्या गल्लीत ऐकू येतं, त्यामुळे वेगळी दवंडी द्यावी लागली नाही.

डोणगावच्या बाजारात माझं ठरलेलं किराणा दुकान आहे. दुकानदार मुसलमान माणूस, तीस वर्षांची ओळख, बोलणं असं की साखरेनंही गोडी त्याच्याकडून शिकावी. त्याच्या दुकानातल्या मांजरीची सहा महिन्यांची पोर होती, राखाडी रंगाची. तो म्हणाला, "ले जाओ आबाजी, बहुत शरीफ है." बिस्किटाच्या खोक्यात घालून मी तिला घरी आणली, खोकं उघडलं आणि मोठ्या मायेनं म्हणलं, "निंघ बे बाहीर!"

ती निघाली. कान मागं पाडले, पोट जमिनीला घासलं, आणि धान्याच्या कोठीमागं जी गेली ती गेलीच. तिथून दोन डोळे तेवढे दिसत.

एक दिवस झाला, दोन झाले. मी ताटली ठेवून म्हणायचो, "ये बे, दूध पे." डोळेसुद्धा दिसेनासे व्हायचे. मी उठून गेलो की बायकोच्या हातून पोळी-दूध खायची. माझं दूध, माझी कोठी, आणि ताव मारायचा तिच्या हातून!

बायको म्हणाली, "ते मादी हाय. तिले बे काऊन म्हणता?"

"मी बैलाले बे म्हणतो, यष्टीले बे म्हणतो. तिचं काय मोठं?"

बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे की आमच्याकडे ‘बे’ ही शिवी नाही. दोस्ताला बे, पोराला बे, अडलेल्या दरवाज्यालाही बे. ज्याला आम्ही बे म्हणत नाही तो एक तर जावई असतो, नाही तर तलाठी.

मग पुण्याहून सुनेचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या फोनमध्ये मांजरांच्या मनाचे जाणकार राहतात. ती म्हणाली, "बाबा, नवीन घरात मांजर घाबरतंच. तिच्याकडे एकटक पाहू नका. दुरून बसा, डोळे हळूहळू मिटा, हळूहळू उघडा. मांजरांना त्यातून कळतं की हा माणूस आपला आहे."

मी आयुष्यात कोणासमोर डोळे खाली केले नाहीत. पण बाजाराला तीन दिवस उरले होते. मी ओसरीवर, आतल्या कोठीकडे तोंड करून बसलो आणि डोळे मिटायला-उघडायला लागलो. अर्धा तास झाला. मांजरीनं काही पाहिलं नाही. समोरच्या घरची म्हातारी मात्र काठी टेकत ओसरीवर आली, तिनं बाजूनं वाकून सारं पाहिलं. मग म्हणाली, "आबाजी, डोये आले का? गुलाबपाणी टाका. अन् असंच तिकडं तोंड करून बसा, आमच्या घरात लहान लेकरं हायत."

दुसऱ्या दिवशी दोन जणांनी मला लांबूनच रामराम घातला.

बाजाराचा दिवस उजाडला. मी डोणगावला गेलो. बायकोला सांगितलं साखर आणतो, पण जायचं होतं दुकानदाराला जाब विचारायला, की शरीफ म्हणून दिलेला माल असा कसा. दुकानात गर्दी होती. तो गिऱ्हाइकांना "आइए, बैठिए" करत होता. मी बाकड्यावर बसलो. तेवढ्यात आमच्या मांजरीची आई तुरीच्या दाळीच्या पोत्यावर चढली. त्या गोड माणसानं दाळीचं पत्र्याचं माप फळीवर दाणकन आपटलं आणि ओरडला, "हट बे!"

मी अर्धा उठलो. आणि ती मांजर? कान मागं, पोट जमिनीला, थेट डब्यांच्या मागं. ती चाल माझ्या ओळखीची होती.

"दिनभर ऐसाच चालते क्या?" मी विचारलं.

"क्या करे आबाजी, पोतेपरच बैठते. छोटीवाली भी इतनाच सुनके बडी हुई."

जाब विचारायचा राहिला. साखर विसरून मी घरी आलो.

घरात मांजर बायकोजवळ बसून खात होती. मी दारातूनच माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडलो, "चहा मांड!" तिचा एक कान हलला, बाकी काही नाही. मग मी हळूच, पुटपुटल्यासारखं म्हणलं, "बे." मांजर कोठीमागं.

"पाह्यलं?" मी म्हणलं. "आवाज नाई, अक्षर हाय!"

बायकोनं ताटली उचलली. "मंग सोडा ते अक्षर. संध्याकाळलोक टाइम हाय तुमच्यापाशी."

सोडा म्हणे. बाहत्तर वर्षं जिभेवर बसलेलं अक्षर. मी कोठीजवळ खाली बसलो. ‘ये’ म्हणलं की त्याच्या शेपटीला ‘बे’ येऊन लागायचा, तो दातात धरून ठेवावा लागायचा. शेवटी एक वाट सापडली. तलाठ्याशी बोलतो तसं बोलायचं. मी म्हणलं, "या. बसा. दूध घ्या. घर तुमचंच हाय."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. "पन्नास वर्सं झाली या घरात येऊन," बायको म्हणाली, "मले कोणी ‘या’ म्हणलं नाई."

"तू कोठीमागं लपली होती का?"

तिनं पडलेलं भांडं उचलून ठेवलं. मी पुन्हा मांजरीकडे वळलो. दिवस कलला तेव्हा कोठीमागून आधी मिशा आल्या, मग तोंड, मग सारी मांजर. दूध प्यायली. माझं पाऊल हुंगलं. आणि त्या पावलावर बूड टेकवून अंग चाटायला लागली. मी श्वाससुद्धा विचारून घेत होतो.

"मांडीवर नाई बसली," बायको म्हणाली.

"पाय काय पाटलाचा हाय? मांडीलेच लागून हाय."

तिनं जवळ येऊन पाहिलं. मग म्हणाली, "असू द्या. टिकली म्हणा."

झोपेपर्यंत मी बे काढला नाही. सारे पोटात साठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता मी वावरात गेलो, विहिरीच्या काठावर उभा राहिलो आणि कालपासूनचे सारे बे विहिरीत ओरडून टाकले. घसा मोकळा झाल्यावर पोराला फोन लावला. नेहमी मी "काऊन बे, मेला का जिता हायस?" असं सुरू करतो. त्या दिवशी म्हणलं, "कसे आहात? चहा झाला का?"

पलीकडून पोरगा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बाबा, काय झालं? आई बरी हाय ना?"