पुढची शून्यं

२०२३ साल, मी सत्तरीला टेकलो होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण भोसरीत माझ्यासारखा आकडा रंगवणारा दाखवा. एका वर्कशॉपात वीस मशीनवर त्यांचे नेटवर्कचे पत्ते रंगवले. चार आकडे, मधे ठिपके. आधीचे आकडे तीन-तीन अंकांचे, शेवटचा कुठं एका अंकाचा, कुठं दोन. ओळ सरळ दिसेना, म्हणून मी पुढं शून्यं लावली. १० चं ०१० केलं.

एक चष्मेवाला प्रोग्रॅमर आला, त्यानं पत्ते जसेच्या तसे कॉम्प्युटरात उतरवले. आता दहा नंबर सुरू कर म्हटलं की आठ नंबर धडाडायचं. आठवरचा कामगार दोनदा डबा टाकून पळाला. वर्कशॉपचा साहेब प्रोग्रॅमरवर गरजला, "संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर उद्या येऊ नकोस."

तो चष्मेवाला दोन्ही अंगठे मुडपून आठच बोटं पुन्हापुन्हा मोजत होता. मग माझ्याकडं आला.

"बाबा, सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत हा लिहिलेला पत्ता मशीनच्या एक-शून्यात बदलावा लागतो. पुढं शून्य दिसलं, की मशीन अंगठे सोडून आठ बोटांवरच मोजतं. दहा म्हणजे आठ. तेवढी शून्यं पुसता?"

"दहा म्हंजी दहाच, राव! तुझ्या मशीनला अंगठे बसव. मी न्हाई पुसणार."

तो हसला, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला. साहेबाला म्हणाला, "आकडे बरोबर आहेत, चूक माझी." मग पत्ता एक-शून्यात बदलण्याआधी पुढची शून्यं गाळणारी एक ओळ त्यानं प्रोग्रॅममध्ये लिहिली. सांजच्याला दहा नंबर दहा म्हणून सुरू झालं. तो गेला, नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टर्पेंटाइन नि चिंधी घेऊन गेलो आणि पुढची सगळी शून्यं पुसली. मोजली मात्र अंगठ्यांसकट.