तेविसावी ओंजळ

यंदा आमच्या शाळेनं उन्हाळी वर्ग काढायचं ठरवलं आहे आणि तो मी चालवावा असं मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे. मी चोवीस वर्षांचा, अंगानं धड, मलखांब येतो, लग्न झालेलं नाही. मे महिन्यात वाशीमच्या उन्हात भाजून काढायला याच्याहून सोयीचा माणूस कुठे मिळणार? त्यांनी एक कागदही छापून घेतला. मुलाला काही इजा झाली तर शाळा जबाबदार नाही, खाली बापाची सही नाहीतर अंगठा. मी म्हटलं, वर्ग चालवतो, पण हा कागद कोणाच्या हातात देणार नाही. "गुलाबराव, तुमचं डोकं फिरलं आहे," ते म्हणाले. असेल फिरलेलं. पण मी मारोतराव मास्तरांच्या वर्गातला आहे आणि आमच्या वर्गात सही नव्हती, पदर होता.

मारोतराव काही खरे मास्तर नव्हेत. वाशीमच्या बाहेर रिठदच्या वाटेला त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे पिकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. तरुणपणी दोन वर्षं अमरावतीकडे एका आखाड्यात राहून लाठी, लेझीम, मलखांब शिकून आले, तेवढ्यावर गावानं त्यांना मास्तर करून टाकलं. चैत्रात विहिरीचं पाणी तळाला गेलं की त्यांचा वांग्याचा मोठा वाफा रिकामा पडायचा. त्याच जागेत मलखांब पुरून ते आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंत मुलांचा वर्ग घ्यायचे. मुलं तिथंच राहायची. शहरातली असायची, खेड्यांवरचीही असायची. फी काही नव्हती. आपापली ज्वारी आणायची आणि आपापलं ताट घासायचं.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको मनकर्णाबाई. वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक आई आपल्या मुलाला घेऊन यायची आणि म्हणायची, "बाई, पोरगं तुमच्या ओटीत टाकलं." मनकर्णाबाई पदर पसरायच्या, मुलानं त्या पदराला कपाळ लावायचं, की झाला तो महिनाभर त्यांचा. मृगाच्या आदल्या दिवशी त्याच आया परत यायच्या. तेव्हा मनकर्णाबाई एकेकीच्या पदरात ओंजळभर ज्वारी आणि गुळाचा खडा घालायच्या. "तुमचं तुमाले वापस," असं म्हणून मुलाचा हात आईच्या हातात द्यायच्या. ही रीत त्यांची त्यांनीच घातलेली. अकरा वर्षं ती बिनचूक चालली.

ऊन म्हणजे मास्तरांचा जन्माचा वैरी. अंधारात उठवायचे, आठच्या आत सगळी मेहनत आटपायचे. प्रत्येकाच्या कमरेला कांदा बांधलेला असलाच पाहिजे, नसला तर त्याला जेवण उशिरा. खेळून आल्यावर आधी हातपाय धुवायचे, मग गुळाचा खडा, मग पाणी. आणि ऊन चढलं की दोन शिट्ट्या. त्यांच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असायची. एक शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबायचं. दोन म्हणजे धावत मोठ्या आंब्याखाली जाऊन उंचीप्रमाणे रांग धरायची. तीन म्हणजे रांग मोडायची. तीन शिट्ट्या वाजल्याशिवाय रांग मोडली तर मास्तर मारत नसत, पण दिवसभर बोलत नसत, आणि ते मारापेक्षा वाईट होतं.

मास्तर ज्याच्याशी सगळ्यांत जास्त दिवस बोलले नाहीत, तो मुलगा मी. मला रांगेत उभं राहणं जमतच नव्हतं. माझ्या जागी मुंगी चावायची, कैरी दिसायची, काहीतरी व्हायचंच. आमच्या रांगेचा पुढारी होता शालिकराम. रिठदच्या जानरावांचा मुलगा, तेरा वर्षांचा, काडीसारखा सरळ. मास्तरांनी उभं राहा म्हटलं की तो उभा, मग डोळ्यात घाम जावो नाहीतर माशी. मला त्याचा राग यायचा, हे आता कबूल करतो. आपल्या ताटातली भाकरी मात्र तो नेहमी अर्धी मोडून मला द्यायचा, तेव्हा राग विसरायचो.

त्या मोठ्या आंब्याची एक फांदी पश्चिमेला लांब गेलेली होती. पोपटांनी ती पोखरली होती. फाल्गुनातच मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "ते फांदी पोकळ हाय. तोडून टाका."

"तोडली त पोट्ट्यायले सावली कुठची? दुपारी तीन वाजेलोक तिचीच सावली पुरते," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं. बाकीच्या झाडाची सावली सकाळी असायची, दुपारी सरकून विहिरीवर जायची. फांदी राहिली ती आमच्यासाठी.

हे सदतीस सालचं. मृगाला आठ दिवस होते, वर्गात आम्ही तेवीस जण. शेवटच्या दिवशी आयांसमोर करून दाखवायचे खेळ होते म्हणून मास्तरांनी त्या दिवशी दुपारी चार वाजताच तालीम लावली. दिवसभर हवा अशी कोंडलेली की कुत्रंसुद्धा विहिरीच्या पाळीला चिकटून पडलेलं. मग पश्चिमेकडून एकदम धूळ उठली. आभाळ आधी तांबडं झालं, मग काळं. वावधन, म्हणजे वळवाचं वादळ, आलं. मळ्याच्या कुंपणाचे काटे उडत आले, मलखांब थरथरला, आणि कडाड् करून वीज वाजली.

मास्तर मोटेजवळ होते. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि दोनदा वाजवली.

त्यांना म्हणायचं होतं, घरात पळा. मास्तरांचं घर पन्नास पावलांवर, मातीचं पण भक्कम. पण घरासाठी शिट्टीच नव्हती. अकरा वर्षं त्यांनी फक्त उन्हाचा विचार केला होता. तोंडाला सवय होती ती दोनची, आणि दोन म्हणजे आंबा. बावीस मुलं आंब्याकडे धावली आणि उंचीप्रमाणे रांग धरून उभी राहिली.

मी धावलो नाही. खरं म्हणजे मी शूर नव्हतो, शहाणाही नव्हतो, मला विजेची भीती वाटत होती. समोर घराच्या दारात मनकर्णाबाई दोन्ही हात हलवत होत्या, मी त्यांच्याकडे सुटलो. मागून शालिकराम ओरडला, "गुलाब्या, रांग मोडू नको! मास्तर बोलनार नाईत!" मी मागे पाहिलं नाही.

मास्तरांना चूक तेव्हाच कळली. ते आंब्याकडे धावत ओरडत होते, "घरात जा! घरात!" वाऱ्यात ते कुणाला ऐकू येणार? म्हणून त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली. घाईत पुन्हा दोनच. त्या शिट्टीनं रांग आणखी सरळ झाली. मी ते दारातून पाहिलं. मुलांनी पाय जुळवले, मान ताठ केली. मग पश्चिमेची फांदी आली.

शालिकराम रांगेच्या टोकाला होता, फांदी त्याच्यावर पडली. पंजाबराव नावाच्या मुलाचा हात मोडला, बाकीच्यांना नुसतं खरचटलं. वारा थांबेपर्यंत शालिकराम गेला होता. आणि सांगायला लाज वाटते, तिघेचौघे अजून तसेच उभे होते, पाय जुळवून, पावसात, कारण तीन शिट्ट्या वाजल्या नव्हत्या. मास्तरांना शिट्टी फुंकता येईना. त्यांनी एकेकाच्या खांद्याला हात लावून त्याला रांगेतून बाहेर काढलं.

संध्याकाळीच गाडी जुंपली. मास्तर आणि मनकर्णाबाई शालिकरामला घेऊन रिठदला गेले. तिथलं मला मनकर्णाबाईंनी पुढे कधीतरी सांगितलं. शालिकरामची आई सोजरबाई ओरडली नाही की तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "मी तुमच्या पदरात जिता देल्ला होता, बाई."

कोणी मास्तरांना दोष दिला नाही. पाटलानं विचारपूस केली आणि वावधनाला काय करता म्हणून सोडून दिलं. जानरावही म्हणाले, देवाची करणी. मृगाच्या आदल्या दिवशी बावीस आया आल्या. मनकर्णाबाईंनी बावीस जणींच्या पदरात ज्वारी आणि गूळ घातला. माझी आई तुळसाबाई मला पोटाशी धरून मोठ्यानं रडली, तेव्हा मला मास्तरांकडे पाहवेना. सुपात तेविसावी ओंजळ तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ते दोघं ती ओंजळ फडक्यात बांधून पायी रिठदला गेले. पाच-सहा कोस वाट. सोजरबाईनं त्यांना पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, भाकरी वाढली. पदर मात्र पसरला नाही.

"घेतलं म्हंजे पोरगं वापस आलं असं होते," ती म्हणाली. "माहा कुठी आला?"

वर्ग बंद झाला. मलखांब तिथंच उभा राहून वाळवीनं खाल्ला. पावसाळा लागल्यावर मी एकदा मळ्यात गेलो. मास्तर वांग्याची रोपं लावत होते. मी अंगठ्यानं माती उकरत उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "गुलाब, तू माह्यं आयकलं नाई. लय बरं केलं, बाप्पा."

मास्तरांनी आयुष्यात मला दिलेली ती एकच शाबासकी. मी मळ्याबाहेर पळालो. ज्यानं ऐकलं तो गेला आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला शाबासकी. अजूनही वर्गात एखादा मुलगा माझं लगेच ऐकतो तेव्हा मी त्याला काय सांगितलं ते पुन्हा तपासून पाहतो.

त्यानंतर लोक मास्तरांना अर्धवट म्हणू लागले. उन्हाळ्यात वावधन आलं की ते मळ्यातलं काम टाकून त्या आंब्याखाली जायचे आणि रांगेच्या टोकाला उभे राहायचे, पाय जुळवून. मनकर्णाबाई भिजत जाऊन त्यांना दंडाला धरून घरात आणायच्या. "काहून उभे राह्यता हो? मले बी मारता काय?" त्या म्हणायच्या. मी हसणाऱ्यांपैकी दोघांना बाजारात बदडलं. त्याचा उपयोग झाला नाही, पण मला बरं वाटलं.

आणि दरसाल मृगाच्या आदल्या दिवशी रिठद. नव्या ज्वारीची ओंजळ, नवा गुळाचा खडा. दरसाल सोजरबाई भाकरी वाढायची आणि दरसाल पदर खोचलेलाच असायचा. तिच्या मनात आकस नव्हता. एका वर्षी मास्तरांच्या पायाला फोड आले होते, तर तिनं स्वतः तेल गरम करून दिलं. पण ओंजळ परत जायची. असं नऊ वेळा झालं.

सेहेचाळीसच्या वैशाखात मास्तर गेले. ऊन लागून गेले. भर दुपारी कांद्याची रास झाकत होते, डोक्याला फडकं नाही, तिथंच पडले. ज्या माणसानं इतक्या मुलांच्या कमरेला कांदा बांधला, त्यानं नऊ वर्षं स्वतःच्या कमरेला बांधला नव्हता. हे मला मनकर्णाबाईंनी त्यांना न्हाऊ घालताना सांगितलं.

मृगाच्या आदल्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. कपाळ मोकळं, हातात ते फडकं. "गुलाब, रिठदले येतं काय माह्यासंगं?"

मी छकडा केला. वाटभर मला एकच धास्ती होती. सोजरबाईनं मला विचारलं, की हाच का रांग मोडून पळालेला, तर मी काय सांगू? नऊ वर्षांत मी तिच्यासमोर गेलो नव्हतो.

रिठदला तिच्या घरापुढे गाडी थांबली. मनकर्णाबाई पायरीशी येऊन थबकल्या आणि फडकं माझ्या हातात देऊ लागल्या. "तू टाक रे. मी आता अशी. तिचा जानराव जिता हाय, माह्या हातानं तिच्या पदरात कसं टाकू?" विधवेनं सवाष्णीच्या पदरात काही घालायचं नसतं, हे मलाही माहीत होतं. मी फडकं घेतलं.

सोजरबाई बाहेर आली. केस पांढरे झालेले. तिनं मनकर्णाबाईंचं मोकळं कपाळ पाहिलं. मग मी पुढे केलेलं फडकं तिनं बाजूला सारलं.

"तुह्या हातानं नाई," ती मला म्हणाली. मग मनकर्णाबाईंसमोर उभी राहून तिनं खोचलेला पदर सोडला आणि दोन्ही हातांनी पसरला. "मी तुमच्या पदरात देल्ला होता, तुमच्याच हातानं घेईन. टाका बाई."

"मी रांडमुंड, सोजरबाई..."

"टाका म्हनते ना."

मनकर्णाबाईंनी ओंजळ भरली. अर्धी ज्वारी पायरीवर सांडली, उरलेली पदरात पडली, वर गुळाचा खडा. 'तुमचं तुमाले वापस' हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. सोजरबाईनं पदराची गाठ मारली आणि ती पोटाशी धरली.

"नऊ साल एकला होता माहा पोरगा," ती म्हणाली. "म्हून घेत नवती. आता मास्तर गेले त्याच्यापाशी. आता थो एकला नाई."

मग ती खाली बसली आणि पायरीवर सांडलेली ज्वारी एकेक दाणा वेचू लागली. मनकर्णाबाईही तिच्याशेजारी बसल्या. मीही बसलो. तिनं मला काही विचारलं नाही. गाठ सोडून गुळाचा खडा काढला, दातानं तोडला आणि त्यातला अर्धा मला दिला.