कोंड्याच्या राखेचा रंग

निवृत्तीनंतर मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण मातीची भांडी करायला लागलो. शंकर नगरात तिच्या गॅरेजमध्ये तिनं विजेची भट्टी बसवून घेतली होती. तिचा हात चाकावर छान चालायचा; मला वेड लागलं ते भांड्यांना चढवायच्या ग्लेझचं, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचं. लावताना ते नुसत्या राखाडी चिखलासारखं दिसतं. भट्टीतून काय होऊन निघेल, सांगता येत नाही. मी त्यात धानाच्या कोंड्याची राख चाळून मिसळत राहिले. कितीतरी महिने सगळं मळकटच निघालं, नाहीतर फोड आलेलं.

एका सकाळी भट्टी उघडली, तर माझ्या ओबडधोबड वाडग्यात हिरवा रंग काठावरून ओघळत तळाशी दुधाळ निळा होऊन थिजला होता. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला.

"काय निघालं वो माय! याले घरी नको नेऊ. इथंच राहू दे, मी रोज पाहीन."

मी राहू दिला.

पुरानी बस्तीत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं, आमच्या भांड्यांचाही स्टॉल लागला, तेव्हा मी तापानं पडून होते. ती रोज फोन करायची, "कसं वाटून राहिलं? येऊ शकशील का?" शेवटच्या दिवशी बरं वाटलं, म्हणून न कळवताच गेले. वाडगा सगळ्यात पुढे मांडलेला. खाली चिठ्ठीवर तिचं एकटीचं नाव. एका बाईंना ती सांगत होती, "महीनों राख छानी है मैंने, दीदी." मला पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही.

बाई गेल्यावर मी म्हटलं, "हा माझा आहे."

"काहून तमाशा करून राहिली? रंग तू काढला का? भट्टीनं काढला. भट्टी माझी आहे."

मी वाडगा उलटा केला. बुडाशी माती ओली असताना मी कोरलेलं माझ्या नावाचं अक्षर घासून सपाट केलेलं होतं. ते रोजचे फोन कशासाठी होते, ते तिथं उभ्या उभ्या कळलं.

"किती वेळ बसून घासलंस गं?"

मी वाडगा पदराखाली घेऊन निघाले, ती आडवी आली नाही. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

वाडगा आता माझ्या कपाटात असतो. इथल्या हिंदीत वाढलेली मुलगी म्हणते, "मम्मी, बाहर रखो ना इसे, कितना सुंदर है."

सुंदर तर आहेच. मी "हव, ठेवते" म्हणते, आणि कपाट लावून घेते.