जवानाच्या तोंडावरचं पॉलिश

त्या काळी साताऱ्यात रोज कुत्र्याचं तोंड धुणारा माणूस शोधून सापडला नसता. आमच्या घरात तो होता, आणि तो माझा बाप होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. लढाई संपली आणि दादा पलटणीतून पेन्शनवर घरी आले. जन्मभर पहाटेच्या हुकमावर उठलेला माणूस. घरी त्यांना हुकूम द्यायला कुणी नव्हतं, आणि त्यांचा हुकूम ऐकायलाही कुणी नव्हतं. आईनं इतकी वर्षं वर्षातून एकदा सुट्टीवर येणाऱ्या नवऱ्याच्या भरवशावर न बसता एकटीनं संसार रेटला होता, त्यामुळे मीठ-मिरचीपासून माझ्या शाळेपर्यंत सगळं तिच्याच हातात. दादा पाहुण्यासारखे बाहेरच्या खोलीत बसून राहायचे. अशात एक काळं पिल्लू बाजारातून त्यांच्या मागोमाग आलं ते घरी राहिलंच. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं म्हणून आईनं कपाळाला हात लावला. दादा त्याला जवान म्हणू लागले.

रोज सकाळी अंगणात जवानाची हजेरी असायची. तो पाटावर ताठ बसायचा. दादा उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आधी त्याच्या डोळ्यांचे कोपरे पुसायचे. एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला लावायचा नाही, हा नियम. मग ओठांच्या घड्या, कारण तिथं भाकरीचा चुरा अडकून कुजतो. मग नाकाच्या कडा, आणि शेवटी मिशीजवळचे वेडेवाकडे केस छोट्या कात्रीनं सारखे करायचे. हनुवटी वर उचलून दादा "पास!" म्हणायचे, तेव्हा कुठं जवान पाटावरून उठायचा. शेजारणी कुंपणावरून ओरडायच्या, "आवं, आमच्या पोरांची तोंडं बी घ्या की धुवून!" दादा मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. आई मात्र जवानाला कधी बोट लावायची नाही. भाकरी टाकायची तीही लांबून.

मग एका उन्हाळ्यात जवानाच्या डोळ्यांभोवतीचे केस गळू लागले. नाकाडावर गुलाबी चट्टे पडले आणि तो पंजांनी तोंड ओरबाडायला लागला. लूत भरली होती. आपल्याकडं लूत भरलेलं कुत्रं ही शिवी आहे, त्यामुळे आळीतल्या माणसांनी आमच्या दारावरून जायचं सोडलं. गावाकडून चुलते आले. त्यांचा इलाज ठरलेला होता. "इंजनाचं जळकं तेल चोपड, न्हाईतर दे हाकलून. उसाच्या फडात मरंल तिकडं." दादांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

जनावरांच्या दवाखान्यात सगळी गर्दी बैलांची आणि म्हशींची. तिथले डॉक्टर कुत्र्याचं तोंड बघून आधी हसले, पण औषध नीट दिलं. दुधासारखं पांढरं औषध चट्ट्यांवर लावायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही आणि चाटू द्यायचं नाही. चट्टे सुकले की करंजाचं तेल. "केस यायला वेळ लागेल, घाई करू नका," असं त्यांनी बजावून सांगितलं. चाटू नये म्हणून दादांनी जुन्या टोपलीचं बूड काढून ती जवानाच्या गळ्यात अडकवली. ती टोपली घेऊन तो दारातून आत यायला बघायचा आणि चौकटीला अडकायचा. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची.

त्याच सुमारास दादांना सांगलीत एका कॉलेजच्या भांडारात नोकरी लागली. विश्रामबागेत भाड्याची जागाही मिळत होती. घरमालकीण निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. साताऱ्याला भाचीकडं बारशाला येणार होत्या, तेव्हा बिऱ्हाडकरू कसे आहेत ते स्वतः बघून जाणार होत्या. कुत्रं आहे असं दादांनी आधीच कळवलं होतं. निरोगी असेल तर चालेल, असा बाईंचा निरोप आला.

"ही तर पोरगी बघायला यायची तऱ्हा झाली," असं म्हणत आईनं पोहे भिजवले.

जवानाचे चट्टे सुकले होते, पण केसांचा पत्ता नव्हता. काळ्याभोर तोंडावर ते लख्ख दिसायचे. फौजी माणसाला काळ्या वस्तूवरच्या डागाला एकच औषध माहीत. दादांनी जवानाच्या गळ्यातली टोपली उतरवली, ट्रंकेतून बुटाचं पॉलिश काढलं, फडक्यानं चट्ट्यांवर चढवलं आणि वरून ब्रशही मारला. जवान नवाकोरा दिसू लागला. मला तर दादांचा फार अभिमान वाटला.

बाई आल्या. पांढरंशुभ्र पातळ, जाड भिंगांचा चष्मा. पोहे खाल्ले, घर बघितलं, माझ्याकडून एक कविता म्हणवून घेतली. मग "हाच का तो?" म्हणत त्यांनी जवानाचं नाकाड प्रेमानं कुरवाळलं आणि त्याच हातानं चष्मा सारखा केला. त्यांच्या नाकावर काळा पट्टा उमटला. आईनं डोळे मिटून घेतले.

बाईंनी आपला तळवा बघितला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, हे काय?"

पितळ उघडं पडलं होतं. दादा उभे राहिले, टाचा जुळवल्या. "लूत हुती, बाई. बरी हुतीय. पॉलिश मी लावलं."

बाई रागावल्या नाहीत. साबण मागितला, आणि आधी जवानाचं तोंड धुवायला लावलं. मग म्हणाल्या, "माणसं मला पसंत आहेत. पण घरात नातवंडं आहेत, हा असा नको. केस भरून आले की आणा, मी स्वतः बघेन."

नोकरीवर लगेच हजर व्हायचं होतं. त्या संध्याकाळी दादा शांतपणे म्हणाले, "उद्या गावी भावाकडं सोडून येतो त्याला." जळक्या तेलाची गोष्ट सगळ्यांना आठवत होती. दादांनाही. पण ते पाटावरचा कापूस गोळा करत राहिले.

आई चुलीपुढून उठली. "कुटं बी सोडायचा न्हाई. तुमी जावा सांगलीला. मी आन् पोरगी हितंच ऱ्हातो, त्येचं तोंड बरं हुईस्तवर."

दादा पेन्शनवर आले त्या दिवशी हीच आई देवापुढं नारळ फोडून म्हणाली होती, आता मी एकटी राहणार नाही. म्हणून मला तिचं काही समजेना.

दादा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पदर खोचला आणि जवानाला पाटावर ओढलं. "बस रं मुडद्या." तिचे हात दादांसारखे सफाईचे नव्हते. कापूस नाकात जायचा, जवान शिंकायचा, दोघंही चिडायची. करंजाच्या तेलाचा तिला वास सोसायचा नाही, तरी रोज बोटानं जिरवायची. त्यावर स्वतःच्या मनानं दुधाची साय लावून बघितली, ती जवानानं टोपलीतूनही जीभ काढून फस्त केली. हळूहळू त्यांचं जमलं. तोंड पुसता पुसता ती त्याच्याशी बोलायची, डाळ महागली, रात्री झोप लागत नाही, असं काहीबाही. माझ्याशी ती असं कधी बोलली नव्हती. त्या सकाळी आठवल्या की अजून मला साताऱ्याच्या त्या अंगणात जाऊन बसावंसं वाटतं. आई तेव्हा किती तरुण होती, हे मला आत्ता कळतं.

पावसाळा सरता सरता चट्ट्यांवर मऊ लव आली आणि दिवाळीच्या आत तोंड काळंभोर भरलं. दादा आम्हाला न्यायला आले. आम्ही सामानाच्या ट्रकमधून विश्रामबागेत उतरलो. बाई वाट बघतच होत्या. त्यांनी जवानाला उन्हात घेतलं, चष्मा वर करून डोळ्यांभोवती, ओठांच्या घड्यांत, कानामागं बघितलं. बोट घासून काळं होतंय का तेही बघितलं.

"या," त्या म्हणाल्या. मग आईकडं वळून हसल्या. "कमाल आहे हो तुमची. एका कुत्र्यासाठी नवऱ्याला एकटं धाडलंत!"

"कुत्र्यासाठी न्हाई वं बाई," आई म्हणाली. "ह्यांची आई गेली तवा ह्ये सरहद्दीवर. पोरगी झाली तवा बी तितंच. हुकूम आला की आसंल ते सोडून निघायचं. सोडायची सवयच लागली ह्यास्नी. म्हटलं, आता एक तरी सोडाया नगं."

दादा खांद्यावर ट्रंक घेऊन फाटकात उभे होते. त्यांनी ती खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत आईला तिच्या नावानं हाक मारली. तोवर ते नाव मी फक्त रेशनकार्डावर वाचलं होतं.