सूपमध्ये अजिनोमोटो नको

आमच्या घरात ‘चायनीज खायला चाललोय’ असं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. सिनेमाला चाललोय म्हटलं तर कुठला, कधी सुटतो, एवढे पैसे कशाला, हे सगळं यायचं. मैत्रिणीकडे चालले म्हटलं तर कुठली, तिला मुलं किती, हे यायचं. चायनीजचं नाव काढलं की मात्र सासूबाई नाक मुरडायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. म्हणूनच मूल होण्यासाठी उपचार घ्यायचं ठरलं, तेव्हा नवरा लगेच म्हणाला, “आईला सांगू, चायनीज खायला जातोय.” मला हसू आलं. तेव्हा मला अशा गोष्टींचं हसू यायचं.

घर भांडुपला. सासरे गिरणीत होते. ते गेल्यापासून घरात आम्ही तीन माणसं, सासूबाई, नवरा आणि मी. बेडरूमचं दार फुगलेलं, नीट लागत नाही. सासूबाई हॉलमध्ये झोपतात. या घरात कुजबुजलेलं आधी ऐकू जातं आणि मोठ्याने बोललेलं मागाहून.

सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, वाईट नाहीत. त्यांच्या पोटात काही राहत नाही, एवढंच. (हे वाक्य पुढे माझ्याबद्दलही खरं ठरणार होतं.) त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळी भजनी मंडळाला कळलं असतं, दुसऱ्या दिवशी कोकणात गावाला, आणि मे महिन्यात देवळात सगळ्या भावकीसमोर माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं गेलं असतं. देवाला सांगायला माझी हरकत नव्हती. भावकीला सांगायला होती. माझ्या गर्भाशयाच्या अस्तराची चर्चा काजूच्या बिया फोडता फोडता व्हायला नको होती मला. ते लपवल्याचं मला आजही काही वाटत नाही.

डॉक्टर मुलुंडला होत्या. त्याच गल्लीच्या तोंडाशी एक चायनीज हॉटेल होतं, दारावर ड्रॅगन, आत लाल कंदील, पोटमाळ्यावर ‘एसी फॅमिली’. सोफ्यांचं रेक्झीन फाटलेलं आणि फिशटँकमधले मासे आमच्यापेक्षा कंटाळलेले. मुलुंडच ते, त्यामुळे शेजारच्या टेबलावर हटकून कुणीतरी जैन मंचाव मागवलेलं असायचं, कांदा नाही, लसूण नाही, आणि वेटर निर्विकारपणे ते लिहून घ्यायचा. सुरुवातीला आम्ही तिथे फक्त पार्सल घ्यायला जायचो. खोटं बोललो की पुरावा लागतोच. नूडल्सची पिशवी हातात असली की आई दारातच तोंड फिरवायच्या आणि डॉक्टरची फाइल माझ्या पर्समधून सुखरूप आत जायची.

मग आम्ही तिथे बसायला लागलो, कारण बोलायला दुसरी जागा नव्हती. नवऱ्याचं ऑफिस मालाडला, माझं अंधेरीला. घरी यायचो ते दमून, आणि घरी ते दार. पोटमाळ्यावर मात्र एक सूप ‘वन बाय टू’ मागवलं, म्हणजे एकच सूप दोन बाऊलमध्ये अर्धं अर्धं, की निवांत बसता यायचं. बसायचं भाडं समजा. लग्नानंतर आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो असू, त्यातलं निम्मं त्या फाटक्या रेक्झीनवर बसून. कुठल्या गोळ्या सकाळी, कुठल्या रात्री. ऑफिसमध्ये कुठली थाप मारायची. दोष कुणात आहे हा प्रश्न डॉक्टरांनी एका वाक्यात निकालात काढला होता, ‘दोघांतही थोडं थोडं’. म्हणजे तोही वन बाय टू. हे नवराच म्हणाला, आणि मी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागत. मी ती एका डब्यात घालून शेजवान चटणीच्या बाटलीमागे ठेवायचे, कारण त्या बाटलीला आई हात लावत नसत. सकाळी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, पोटाची कातडी चिमटीत धरून टोचून घ्यायचे. बाहेरून आई ओरडायच्या, “पाणी कित्या वाया घालवतंस गो?” मी सुई काढून, पुसून, नळ बंद करायचे आणि बाहेर येऊन डबे भरायचे.

ज्या दिवशी माझी स्त्रीबीजं काढली, त्या दिवशी भूल उतरल्यावर डोकं गरगरत होतं. तरी आम्ही पोटमाळ्यावर गेलो, कारण मी सरळ घरी गेले असते तर तोंडाला औषधांचा वास आला असता. मंचुरियनचे दोन घास खाल्ले की निदान वास तरी बदलेल. वेटरने विचारलं, “फ्राइड राइस व्हेज, या एग डालूं?” नवरा पटकन म्हणाला, “व्हेज, व्हेज.” मला हसायचं होतं, पण पोट दुखत होतं.

पहिल्यांदा जमलं नाही तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा नवरा रडला, सूपमध्ये व्हिनेगर जास्त पडलं असं म्हणत. मधल्या काळात कधीतरी माझी चव गेली. चायनीज मला खरं तर आवडायचं. कॉलेजात असताना घाटकोपरच्या गाडीवर उभं राहून मी चायनीज भेळ खायचे, नाकातून पाणी येईपर्यंत. आता सोया सॉसचा वास आला की मला क्लिनिकचा जिनाच आठवायचा. एखाद्याच पदार्थावर इतकं ओझं टाकलं की तो तरी काय करणार!

आणि नेमकं याच काळात आईंना अजिनोमोटोचा शोध लागला.

भजनी मंडळातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की चायनीजमध्ये अजिनोमोटो नावाची पावडर घालतात आणि त्याने बाईला दिवस राहत नाहीत. झालं! इतक्या वर्षांचं कोडं एका झटक्यात सुटलं. सून चायनीज खाते, सुनेला मूल नाही. आईंच्या दृष्टीने आता पुरावा शोधायची गरजच उरली नव्हती, तो दर आठवड्याला पिशवीत घालून आम्हीच घरी आणत होतो. “तां पांढरां विष आसा गो,” त्या म्हणायच्या. “माका काय तुमचां खाणां बघवत नाय असां नाय. पण जरा थांब ना काही महिने.” मी मान डोलवायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा चपला घालायचे. त्यांना काय वाटत असेल! डॉक्टरकडे जायचं म्हणून मी थांबू शकत नव्हते, आणि मी थांबत नाही म्हणून त्या हळूहळू माझ्यावर चिडत चालल्या होत्या. मेथीचे लाडू आले. कुठल्याशा झाडाची साल उकळून आली. एकदा तर त्यांनी फ्रिजमधली शेजवान चटणी फेकून दिली. नशीब, मागचा डबा शाबूत राहिला.

मला राग यायचा. त्यांचा, भजनी मंडळाचा, आणि सगळ्यात जास्त नवऱ्याचा, कारण त्याला हे सगळं गमतीदार वाटायचं. पण राग यायलाही अंगात थोडं त्राण लागतं. तिसऱ्या खेपेला तेही संपलं. मला थांबायचं होतं. मूल नको झालं होतं असं नाही, पण पुन्हा पहिल्या सुईपासून सुरुवात करायची माझ्यात ताकद नव्हती. मी तसं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “या वेळचा निकाल तर येऊ दे. नाहीच आलं तर बघू ना अजून एकदा.” आणि मग, जरा थांबून, “थांबायचं तर आईला सांगावं लागेल यार. काय सांगणार तिला?”

सगळी अडचण तिथे होती. चालू ठेवायला कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. बंद करायला मात्र सांगावं लागणार होतं.

निकालाच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वाटेवर मी रक्त देऊन आले. संध्याकाळी फोन येणार होता. तो फोन घरात घ्यायचा नाही, पोटमाळ्यावर बसून घ्यायचा, असं आमचं ठरलेलं असे. म्हणजे त्या दिवशी आम्ही खरोखरच चायनीज खायला जायचो. चपला घालत होतो तेवढ्यात आई नेसत्या साडीचा पदर सारखा करत, काखेत पर्स मारून दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मी पण येतंय.”

“तुम्ही? चायनीजला?” मी म्हणाले.

“बघतंय तरी, काय असता तां.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. रिक्षात आई मध्ये बसल्या. सोनापूरच्या सिग्नलला माझा फोन वाजला. क्लिनिकमधली मुलगी ठरलेल्या आवाजात म्हणाली, “मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. औषधं आजपासून बंद करा. पुढचं डॉक्टर मॅडमना भेटून ठरवा.” मी “बरं, ठीक आहे” म्हणाले. “कोणाचो?” आईंनी विचारलं. “ऑफिसचा,” मी म्हटलं. त्यांच्या डोक्यावरून नवरा माझा चेहरा वाचत होता. त्याला कळलं.

पोटमाळ्यावर आई सोफ्याच्या कडेला बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यांनी लाल कंदील पाहिले, मासे पाहिले, शेजारच्या टेबलावरच्या नूडल्स पाहिल्या. माझ्या हातातल्या फोनवर नवऱ्याचा मेसेज आला. समोरच बसला होता, तरी मेसेज. ‘अजून एकदाच. प्लीज.’ मी तो वाचत होते तेवढ्यात वेटर आला, आणि आमच्या आधी आईच त्याच्याशी बोलायला लागल्या, त्यांच्या त्या खास हिंदीत.

“ये लडकी के सूप में अजिनोमोटो नहीं डालने का. बिलकुल नहीं. इसको दिवस जाने का है.”

वेटर बिचारा नेपाळकडचा. दिवस जाणं म्हणजे काय, त्याला काय ठाऊक! तो माझ्याकडे बघून आदबीने म्हणाला, “कहाँ जाना है मॅडम को? जल्दी है तो पार्सल कर दूँ?”

मला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. शेजारचे लोक वळून बघायला लागले. आईही आधी थोड्या हसल्या, आपलं काहीतरी चुकलं हे कळून. मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. वेटर मागे सरकला.

“काय झालां गो?”

“आई,” मी म्हणाले, “अजिनोमोटोने काही होत नाही.”

आणि मग मी सगळं सांगितलं. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलेच नाही. आम्ही चायनीज खायला जात नव्हतो. याच गल्लीत डॉक्टर आहेत. नळ सोडून मी पोटात सुया टोचून घ्यायचे. तीनदा केलं, तीनदा नाही झालं, आणि मघाचा फोन ऑफिसचा नव्हता. “आता मला नाही जमत, आई. मला थांबायचंय.”

मला वाटलं, आता विचारतील, माझ्यापासून लपवलंत? किंवा, म्हणजे नातवंड नाहीच? दोन्हीची उत्तरं मी मनात तयार ठेवली होती. दोन्ही उत्तरं जरा कडकच होती.

नवरा मध्येच म्हणाला, “आई, डॉक्टर म्हणतायत की अजून एकदा केलं तर…”

“तू गप रव,” त्या म्हणाल्या. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्स बाजूला ठेवून त्यांनी माझा हात धरला. बोटं थंड होती, एसीने असतील.

“दुखायचां काय गो?”

एवढंच विचारलं त्यांनी. इतक्या वर्षांत मला खूप जणांनी खूप काही विचारलं होतं. शेवटची पाळी कधी, वजन किती, आधी काही झालंय का, रिपोर्ट काय म्हणतो, पुढची तारीख कुठली. हे कुणीच विचारलं नव्हतं. याचं उत्तर मी तयार ठेवलेलं नव्हतं. “हो,” मी म्हणाले.

“खूप?”

“खूप.”

आईंनी मुलाकडे मान वळवली. “पुरे आता,” त्या म्हणाल्या.