डोंग्याचा गाडा

मित्राने मला फसवलं असं मी सांगायला लागलो की ऐकणारे आधी त्याला शिव्या देतात. हकीकत पुढे सरकली की हसू लागतात, आणि शेवटी माझ्याकडे अशा नजरेने बघतात की त्यातल्या दोन-चार शिव्या मलाही मिळायला हव्या होत्या. त्यांचं चुकत नाही. त्याने खोटं एकदाच सांगितलं. बाकीचं सगळं मी स्वतः जुळवून दिलं.

आमचं घर विणकरांचं, माग बंद पडलेला. मित्राचं घर करडी गावाकडे, तलावाला लागून धानाची शेती. लहानपणी त्याच्याकडे राहायला गेलो असताना मी एका लग्नघरची बुंदीची कढई पळवली, तलावात लोटली आणि आत बसून निघालो. कढई गोल गोल फिरली आणि मला घेऊन खाली गेली. यानेच मला केसांना धरून बाहेर ओढलं. त्या लग्नात लोकांना बुंदीशिवाय उठावं लागलं. तर पाण्यातली नाव म्हणा, डोंगा म्हणा, ऐकलं की मी हातातलं काम टाकून उभा राहतो, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळी झाल्यावर तो घरी आला. "साकोलीच्या भंगारवाल्याकडं डोंगा वाहून न्यायचा गाडा पडून आहे. डोंगा मी बनवून राहिलो, नदीकाठच्या सुताराकडं. गाडा तू सुधरव. मंग काय, आज ह्या तलावात, उद्या त्या तलावात. शिंगाडेवाले नेतील, लग्नाचे फोटोवाले नेतील. तू अन् मी."

"डोंगा केवढा?" मी विचारलं.

"मोठा आहे बे."

एवढं मोजमाप मला पुरलं.

भंगारवाला गाड्यावर हात ठेवून म्हणाला, "जिल्हा फुटून दोन झाले ना भाऊ, तवा नाव गेली गोंदियाकडं अन् गाडा राहिला इकडं." हीच गोष्ट तो शेजारच्या गिऱ्हाइकाला एका गंजक्या कपाटाबद्दल सांगत होता, त्यात गोंदियाकडे कपाटाची जोडीदारीण खुर्ची गेली होती. तरी मला गाड्याची दया आली. घेऊन आलो.

पूर्वी ज्या अंगणात मागासाठी सुताचा ताणा पसरायचा, तिथे तो उभा केला. गंज खरडताना कळलं की काही ठिकाणी गंजच लोखंडाला धरून आहे. ते तुकडे कापून नवे जोडले. वाकलेला एक्सल बदलला, बेअरिंग नवी घातली, धक्के बसू नयेत म्हणून जीपचे पाटे लावले, मागे लाल दिवे. वेल्डिंग मी स्वतःच शिकत शिकत केलं. एकदा गाड्याबरोबर अंगणाच्या फाटकाची कडीही जोडून टाकली, म्हणून दिवसभर घरची माणसं मागच्या दाराने ये-जा करत होती.

डोंगा घसरत पाण्यात जायला गाड्यावर रूळ हवेत. बाजारातले रूळ मला पटेनात. घरात मागाची तूर होती, विणलेलं कापड जिच्यावर गुंडाळत जातात तो सागवानी रूळ. बाबांचे हात त्यावर इतकी वर्षं फिरले होते की लाकूड काचेसारखं झालं होतं. मी भीत भीत विचारलं. बाबांनी तुरीवरून एकदा तळहात फिरवला. मग म्हणाले, "ने. तिच्यावरून काहीतरी सरकलं पाहिजे. नुसती पडून राहिली तं किडेल." आणि मी ती कापत होतो तेव्हा ते बाहेर निघून गेले.

मित्र मधूनमधून येऊन काम बघायचा.

"बाजूनं छातीएवढा कठडा लाव."

"बरोबर, वळणावर डोंगा कलंडला तर!"

"हाव, तेच."

"मागून उतरती फळी पाहिजे."

"बायामाणसांना चढायला."

"बायामाणसं. हाव."

"अन् तळाले फळ्या ठोकून वर काथ्याची चटई टाक."

"डोंग्याचा रंग घासू नये म्हणून!"

त्याने माझ्याकडे थांबून पाहिलं. "तुह्यं डोकं म्हंजे..." म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. मी ती स्तुती समजलो. बायकोने एकदाच विचारलं, "डोंग्याले कठडा कायले जी?" मी तिला गाडा म्हणजे काय असतो ते समजावून सांगितलं.

संक्रांत झाली. डोंगा आणतो म्हणून तो जीपला गाडा जोडून घेऊन गेला. ठरल्या दिवशी मी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, नारळ, हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन उभा राहिलो. डोंगा आज पाण्यात जाणार, हे निघताना बाबांना सांगून आलो होतो. येणारा-जाणारा विचारी, "कोणाची पूजा जी?" मी सांगे, "नावेची." तो पाण्याकडे बघे, मग माझ्याकडे बघे आणि चालू लागे. ऊन कलल्यावर ओळखीचा एक मोटरसायकलवाला थांबला.

"तुमचा गाडा तं पटात उभा आहे. इथं काय करून राहिले?"

"पटात?"

"शंकरपटात. बैलं घेऊन आला ना तो तुमचा दोस्त."

मी त्याच्या मागे बसलो. हार अजून हातातच होता.

पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानाला लागून गाडा उभा होता, मीच दिलेल्या निळ्या रंगाचा. माणसं कठडा हलवून बघत होती, खाली वाकून पाटे बघत होती. "काय मस्त बनवला बे!" आत पटाची जोडी काथ्याच्या चटईवर आरामात रवंथ करत होती. एक बैल माझ्या कठड्याला मान घासत होता. तो कठडा बैलाच्या मानेच्या उंचीला अगदी बरोबर बसला होता.

मित्र गुलालाने माखलेला. त्याची जोडी जिंकली होती. मला बघून त्याने मिठीच मारली. "तुह्यामुळं! रस्त्यात धक्का नाही लागला, जोडी ताजी राहिली!"

"डोंगा?" मी विचारलं.

"अबे..."

"सुताराकडं आहे ना?"

"तिथं सुतारच नाही," तो हसत म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याचं हसू ओसरलं. "पटाचा गाडा म्हटलं असतं तं तू हातोडी उचलली असती काय? डोंगा म्हटलं का तू आंधळा होते. मले माहीत नाही काय?"

"तुरीचे रूळ?"

"ते वर येऊन राहिले होते, बैलाच्या पायाले लागत. काढले. घरी आहेत, चुलीजवळ."

चुलीजवळ म्हणजे नक्की कुठे, हे मी विचारलं नाही.

मोटरसायकलवाला निघून गेला होता. जीप मित्राच्या पोरापाहुण्यांनी भरलेली. "गाड्यात ये ना, तुह्याच हातचा आहे!" तो ओरडला. ज्याच्याशी आता आयुष्यात बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्याच्याच गाड्यात मी दोन बैलांमध्ये कठडा धरून उभा राहिलो. खरंच धक्का लागत नव्हता. बैलाने हार खाल्ला. घरच्या वळणावर उतरलो तेव्हा मित्राने जीपमधून हात हलवला, माझा हात खालीच राहिला.

बाबा ओट्यावर बसले होते.

"डोंगा गेला काय पाण्यात?"

चुलीजवळ, हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता.

"गेला बाबा," मी म्हणालो.

"रुळावरून बरोबर सरकला?"

"बरोबर."

"अंगाले कायचा वास येऊन राहिला?"

"तलावाचा."

त्यांनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मंग उद्या मलेही बसव. मी कधी बसलो नाही नावेत." आणि आत जाऊन ते दोरीवर कोरडा पंचा शोधू लागले.