राजाची अडीच घरं

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या ऑफिसात खुर्च्या कमी अन् माणसं जास्त होती. त्यात दुष्काळ. सकाळी टँकर गावोगाव सुटले की ते परत येईस्तोवर काम नसायचं. मग बुद्धिबळ! इतकी रिकामी माणसं एका पटाभोवती बसली की किस्से आपोआप साचतात. पाणी तेवढं साचत नव्हतं.

खरे खेळाडू दोनच. भोकरचा दिगंबर अभ्यासू, अन् जळकोटचा माधव उपजत. दिगंबर जेवतानाबी डाव्या हातात बुद्धिबळाचं पुस्तक धरायचा. माधवला त्यानं एक पुस्तक दिलं, तर यानं त्यावर डबा ठेवला. "टेबलाला तेल लागतंय ना!" म्हणाला.

*

एकदा दिगंबर लई वेळ विचार करत बसला. तेवढ्यात दारात टँकर आला. माधव उठला, घागर भरून आला अन् उभ्या उभ्याच घोडा पुढं टाकला. मात!

"सुचलं कसं तुला?" दिगंबरनं विचारलं.

"सुचायचं काय त्यात? दिसलं!"

त्या दिवशी दिगंबरनं डबा उघडला न्हाई. मला तर माधवचा रागच आला.

*

दिगंबरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "पाहुण्यांसमोरचा रिकामा कप उचलाय गेले, तर हे ओरडले, अगं थांब, वजीर जाईल!"

*

पण घासून घासून दिगंबर पुढं आला. माधवला पहिल्यांदा हरवलं तेव्हा त्यानं अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. माधवनं दोन उचलले. "हरल्यावर पेढे मिळतात, हे आधी सांगायचं की राव!"

*

मग नव्या जिल्ह्याचा पहिला संघ निवडायचा ठरला. शेवटची एकच जागा उरली, अन् समोरासमोर हे दोघं! नांदेडला असताना दिगंबरची निवड दरवर्षी हुकलेली. आता रिटायरमेंट जवळ आलेली. त्याला ही जागा किती हवी होती, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माधवनं हत्तीनं शह दिला. राजाला जायला घरच उरलं न्हाई. दिगंबरनं घाम पुसला, राजा उचलला अन् घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला! गावाकडच्या खेळात राजाला अशी एक उडी असते. स्पर्धेत नसते, हे आम्हाला दिगंबरनंच शिकवलं होतं.

पंच म्हणाले, "अहो, कोणत्या पुस्तकात आहे ही चाल?"

दिगंबरचा चेहरा पडला. "पुस्तकात न्हाई साहेब. वडिलांनी शिकवली होती."

कुणी हसलं न्हाई.

माधव म्हणाला, "आमच्या जळकोटातबी उडतो साहेब राजा. राहू द्या, मी खेळतो पुढं."

"नियमात बसत नाही. मात झाली."

दिगंबरनं स्वतःच राजा आडवा केला. "नाव माधवचं लिहा, साहेब," म्हणाला अन् उठला.

पंचांनी लिहिलं. माधवनं राजा उभा केला, उडी मारलेल्या घरात परत ठेवला अन् दिगंबरचा हात धरला.

"बसा दिगूभाऊ. तुमची चाल झाली. आता माझी हाय!"